येता-जाता फॉल्ट

मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला बंद पडलेल्या मशीनची भीती वाटत नाही. बंद मशीन गरीब असतं. जागेवर पडून राहतं, मीटर लावू देतं, फ्यूज काढू देतं. घाम फुटतो तो आपण पेटी घेऊन पोचेपर्यंत आपोआप सुरू होणाऱ्या मशीनपुढे. ऑपरेटर शपथेवर सांगतो, साहेब, आत्ता बंद होतं. आणि मशीन आपल्याकडे बघत मजेत फिरत असतं. आमच्यात त्याला ‘येता-जाता फॉल्ट’ म्हणायचे. असा फॉल्ट ज्याच्या नावावर लागला त्याची शिफ्ट वाया गेलीच म्हणून समजा.

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. १९६४ पासूनची फॅक्टरी, बंदुकीच्या काडतुसांची. निम्म्या गावाचा संसार तिच्या भोंग्यावर चालला. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, म्हणून तेवढंच पुरे. एवढं मात्र सांगतो की गेटच्या आत मोबाईल नेता येत नसे. त्यामुळे वायफाय, हॉटस्पॉट, राउटर हे सगळं ज्ञान मला मिळालं ते घरी बसल्यावर, आणि तेही गरज पडली म्हणून.

गरज पडली लॅपटॉपमुळे. मोठा मुलगा डॅलसला असतो. तिथेच घेतलेला आणि काही वर्षं वापरलेला लॅपटॉप त्याने एका दिवाळीत आणून आम्हाला दिला. तसा जुनाट, पण कीबोर्ड दणकट आणि स्क्रीन मोठी. मला तो लागायचा पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलसाठी. घरच्यांना लागायचा रात्री आठच्या सुमाराला नातवाचं तोंड बघायला. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि नातू दुधाचा पेला हातात धरून समोर बसतो. मोबाईलवरही दिसतो, पण आजीचं म्हणणं, त्या एवढ्याशा काचेत पोरगं वाळलेलं दिसतं.

हिवाळा बिनबोभाट गेला. मार्च संपला, ऊन तापायला लागलं आणि फॉल्ट आला.

लॅपटॉप चालू होई. घड्याळाजवळच्या खुणेवर क्लिक केलं की आसपासच्या वायफायची यादी उघडे. यादीत अख्खी गल्ली हजर. ‘साईकृपा’, ‘पाटील फर्स्ट फ्लोअर’, कुण्या टवाळ पोराने ठेवलेलं ‘पासवर्ड मागू नये’, शिवाय राउटरच्या खोक्यावर छापून आलेली, इंग्रजी अक्षरं नि आकड्यांची दोन-तीन अगम्य नावं. नव्हतं ते फक्त आमचं. राउटर त्याच खोलीत, टीव्हीच्या वर, हिरवे दिवे लुकलुकत. मोबाईल हातात धरला तर त्यात आमचं नाव पहिलं, सगळ्या काड्या भरलेल्या. तीन घरं पलीकडचा पाटील लॅपटॉपला दिसतो आणि सहा फुटांवरचा घरचा राउटर दिसत नाही, हे मला पटेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार.

बरं, कायमचंच असं असतं तरी चाललं असतं. एखाद्या सकाळी उठून पाहावं तर आमचं नाव यादीत सगळ्यात वर, गुपचूप येऊन बसलेलं. दोन दिवस सुरळीत. मग पुन्हा गायब.

वरणगावात कुठल्याही दुखण्याला सल्ला फुकट मिळतो, तसा मिळाला. शेजारचे मास्तर म्हणाले, व्हायरस. केबलवाला पोरगा आला, आपल्या मोबाईलवर स्पीड तपासून म्हणाला, “नाना, लाईन एकदम क्लीन आहे. मोबाईलमध्ये चालून राह्यलं ना? मग तुमचा लॅपटॉपच गंडला.” त्याचं खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. आमच्या सौभाग्यवतींनी कूलरवर संशय घेतला. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो आणि बैठकीची अर्धी खिडकी त्याने अडवलेली असते. “तो चालू केला की तुमचं ते जातं,” असं त्यांचं निरीक्षण.

कूलरचा संशय वाटतो तितका वेडगळ नाही. वायफायच्या लहरी पाण्यात मुरतात आणि लोखंडी पत्र्यावर अडतात. कूलर म्हणजे पत्र्याच्या पेटीत भरलेलं पाणीच. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधोमध तो आला तर काड्या कमी होतीलच. पण कमी होतील. नाव समूळ जाणार नाही, आणि कूलरच्या पाठीमागून येणारा पाटील तर हमखास दिसत होता. तरी मी राउटर उचलून कपाटावर ठेवला, कूलर बंद केला, घामाने निथळत दोन हात अंतरावर लॅपटॉप घेऊन बसलो. नाव आलं नाही. कूलर निर्दोष सुटला.

मुलाने फोनवर करायला सांगितलेलं सगळं केलं. विमान प्रवासासाठी असतो तो एअरप्लेन मोड लावला, काढला. जुनं कनेक्शन ‘फरगेट’ केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली बरोबरची खूण काढली, कारण वीज वाचवण्याच्या नादात विंडोज कधीकधी त्या कार्डालाच झोपवतं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. शेवटी नेटवर्क रीसेटही केलं. त्या आठवड्यात एकदा नाव दिसायला लागलं आणि मुलगा तिकडून म्हणाला, “बघा नाना, झालं.” मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं. आपण काहीतरी केलं आणि नंतर मशीन सुरू झालं, म्हणून आपण केल्यामुळेच ते सुरू झालं, असं मेंटेनन्सचा माणूस मानत नाही.

भिंतीवर कालनिर्णय होतं. तारखांच्या चौकोनात सौ. दुधाचे खाडे मांडतात. त्याच चौकोनात मी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंदी करायला लागलो: नाव केव्हा गेलं, केव्हा आलं. सवयच ती. येत्या-जात्या फॉल्टला मीटर लागत नाही, त्याला वही लागते. काय बिघडलं हे सांगता येत नसेल तर निदान कधी बिघडतं ते तरी लिहून ठेवायचं.

पंधरवड्याभरात चौकोन बोलायला लागले. वायफायचं नाव चालता चालता कधीच गेलं नव्हतं. गेलं ते दर वेळी लाईट जाऊन आल्यावर. आणि परत आलं तेही लाईट जाऊन आल्यावरच.

लाईटीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. ५०० मेगावॅटचे दोन संच तिथे कित्येक वर्षं धडधडतायत, जवळच ६६० चा नवा उभा राहिला. धूर आमच्याकडे, राख आमच्याकडे आणि उन्हाळ्यात दुपारी लाईट मात्र जाते ती पण आमच्याकडेच. दिव्याखाली अंधार म्हणतात त्याचं याहून चपखल उदाहरण मी पाहिलेलं नाही. असो.

म्हणजे फॉल्ट चालू स्थितीतला नव्हता, स्टार्टिंगचा होता. राउटर दर वेळी नव्याने सुरू होताना काहीतरी एक ठरवत होता. कधी लॅपटॉपला चालेल असं ठरवायचा, कधी न चालेल असं. मोबाईलला मात्र दोन्ही चालायचं. ते ‘काहीतरी’ काय, हे मला माहीत नव्हतं. पण लॅपटॉपचे स्क्रू उघडायचे नाहीत, एवढं निश्चित झालं.

इकडे मुलाने राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायला सांगितलं. भुसावळला मिळाला, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, १२ व्होल्टचा. लाईट गेली तरी राउटर दोन-तीन तास जिता राहतो. लावला, आणि गंमत झाली. ज्या घटकेला लावला तेव्हा वायफायचं नाव लॅपटॉपला दिसत नव्हतं. आता राउटर बंदच पडेना, त्यामुळे तो नव्याने सुरूही होईना, आणि नाव दिसेनाच. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सौ. म्हणाल्या, “पैसे घालून काम वाढवून ठेवलं.” मला मनातून बरं वाटलं. येता-जाता फॉल्ट ठिय्या देऊन बसला होता. बसलेला फॉल्ट पकडता येतो.

त्याच सुमारास पुण्याहून धाकटी सून पोरांना घेऊन सुट्टीला आली. ती आयटीत आहे. कंपनीचा लॅपटॉप बरोबर होता. घरात पाऊल टाकल्यावर चहाच्या आधी तिने तो उघडला आणि आमच्या वायफायला लागलीही. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी, एकाच टेबलावर. पुण्याच्याला आमचं घर दिसतं, अमेरिकेच्याला दिसत नाही. मी तिला कालनिर्णय दाखवलं. ती हसली नाही. उलट पानं मागे-पुढे करून नीट वाचत बसली. त्या पोरीबद्दल माझं मत तेव्हाच चांगलं झालं.

तिने आधी आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. अमेरिकन लॅपटॉपला तो तत्काळ दिसला, जोडलाही गेला. म्हणजे कार्ड धडधाकट. मग राउटरमधून वायर काढून थेट लॅपटॉपच्या भोकात घातली, इंटरनेट सुरू. म्हणजे राउटरही धडधाकट. दोघेही निरोगी, फक्त एकमेकांना हवेतून दिसत नाहीत.

“नाना, हे बघा,” म्हणून तिने मोबाईलवर एक अॅप उघडलं. त्यात आजूबाजूची वायफाय कमानींसारखी दिसत होती, आणि खाली १ ते १३ असे आकडे. पाटील १ वर, साईकृपा ६ वर, ‘पासवर्ड मागू नये’ही ६ वर, कुणी एक ११ वर. सगळ्यांच्या कमानी एकमेकींत घुसलेल्या. आणि अगदी उजव्या काठाला, गर्दी सोडून, सगळ्यात उंच कमान आमची. १३ वर.

“हा लॅपटॉप तेरा बघतच नसणार,” ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

वायफायचा हा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. आपल्याकडे तो २००५ पासून विनापरवाना खुला आहे. त्यात पाच-पाच मेगाहर्ट्झवर खुंट्या ठोकल्यासारखे चॅनल: पहिला २४१२ वर, अकरावा २४६२ वर, तेरावा २४७२ वर. भारतात १ ते १३ सगळे चालतात. जपानने एके काळी चौदावाही ठेवला होता. अमेरिकेत मात्र वापर ११ पर्यंतच. १२ आणि १३ वर तिथे सरळसोट बंदी आहे असं नव्हे. पण पट्ट्याच्या वरच्या काठाला लागून उपग्रहांची हद्द सुरू होते, तिकडे लहर सांडू नये म्हणून शक्ती इतकी कमी ठेवावी लागते की कंपन्यांनी ते दोन चॅनल सोडूनच दिले. तिथे विकायच्या कार्डात हा नियम कारखान्यातच भरलेला असतो. नवी बरीच कार्डं आपण कोणत्या देशात आहोत ते आसपासच्या लहरींवरून ताडतात. आमचं जुनं, ते वरणगावात टीव्हीखाली बसून अजून अमेरिकेचा कायदा पाळत होतं. ११ च्या पुढे त्याने कधी कान लावलाच नाही.

लहानपणी आमच्या घरी एकाच बँडचा, मीडियम वेव्हचा रेडिओ होता. त्याच्यावर आकाशवाणी लागायची. पण बुधवारी रात्री सगळं गाव बिनाका गीतमाला ऐकायचं तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो, कारण सिलोन लागायचं शॉर्ट वेव्हवर. आमचा रेडिओ बिघडलेला नव्हता. त्याच्या काट्याला तिथवर जायला जागाच नव्हती. लॅपटॉपचं तेच.

राहिला प्रश्न, राउटर १३ वर जायचा का आणि परत यायचा का. त्याचं उत्तर ‘ऑटो’ या एका शब्दात होतं. केबलवाल्याने बसवताना चॅनल ऑटोवर ठेवलेला. सुरू होताना राउटर आधी हवेत कानोसा घेतो आणि जिथे गर्दी कमी तिथे जाऊन बसतो. हिवाळ्यात लाईट क्वचित गेली आणि राउटर एका जागी राहिला. उन्हाळ्यात रोजचा खेळ. लाईट आली की गल्लीतले सगळे राउटर एकदम जागे होणार. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांचे आधीपासूनच ठाण मांडून बसलेले. कोण आधी उठतं, कोण कुठे बसतं, त्यावर आमच्या राउटरचा कौल. खाली दाटी दिसली की तो १३ वर. राउटरच्या दृष्टीने निर्णय अचूक होता, मोबाईलवर त्यामुळेच तर काड्या भरलेल्या असायच्या. मुलाच्या रीसेटनंतर नाव दिसलं होतं त्या तारखेचा चौकोनही मी काढून पाहिला. दुपारी दीड ते तीन लाईट नव्हती.

दुरुस्ती म्हणावी तर काहीच नव्हती. राउटर उलटा केला, तळाच्या चिकटपट्टीवरून यूजर-पासवर्ड वाचला. अक्षरं इतकी बारीक की सुनेने मोबाईलने फोटो काढून मोठी केली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, आत गेलो, वायफायच्या पानावर चॅनलसमोर ऑटो होतं तिथे आकडे उघडले. तिने ६ निवडला. मी म्हटलं, तिथे आधीच दोघं भांडतायत, ११ घे, तिथला एक आहे तो लांबचा. ११ केलं, सेव्ह दाबलं. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले. अमेरिकन लॅपटॉपची यादी आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी पाटील आला, मग साईकृपा, आणि मग आमचं नाव सर्रकन वर. सौ. आतून विचारत होत्या की पुरणपोळीला आमरस आत्ता काढू की नंतर. त्यांना म्हटलं, आत्ताच काढा.

मुलाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, दुसरा उपाय म्हणजे इथल्या दुकानातून यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल आणून लॅपटॉपला खोचायचा. इथे विकलेला असला की त्याला तेरा दिसतोच. खरं आहे. राउटर दुसऱ्याच्या ताब्यात असेल, हॉस्टेल किंवा ऑफिसमध्ये, तर तोच मार्ग. आमचा राउटर आमच्या हातात होता म्हणून फुकटात भागलं. दुबई किंवा अमेरिकेहून पोरांनी आणलेल्या वस्तू खानदेशात आता घरोघर आहेत, आणि ‘इथे चालत नाही’ म्हणून त्यातल्या कित्येक माळ्यावर जातात. अमेरिकेतून आलेल्या जुन्या यंत्राने घरचं वायफाय ओळखलं नाही तर माळ्यावर टाकण्याआधी एकदा चॅनल पाहावा, एवढं मी हक्काने सांगतो.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. मास्तरांनी लगेच बोलावलं. त्यांचं दुखणं आमच्यासारखं वाटलं, पण निघालं वेगळंच. त्यांनी नवा दोन पट्ट्यांचा राउटर घेतला होता. त्याची दोन नावं यायची, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं. मोबाईलवर दोन्ही दिसायची, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर फक्त साधं. मास्तरांची समजूत अशी की २०२२ मध्ये देशात फाईव्ह-जी मोबाईल सुरू झाला, त्याचंच हे कनेक्शन, आणि कंपनीने त्यांच्या लॅपटॉपला ते दिलं नाही. राउटरवरचं ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, त्याचा सिमकार्डाशी काही संबंध नाही, हे त्यांना समजावता समजावता चहाचे दोन कप झाले. तो पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये आणखी मोकळा केला, नवे राउटर त्यावर सर्रास बोलतात. मास्तरांच्या लॅपटॉपचं कार्ड एकपट्टी. त्याला ते नाव जन्मात दिसायचं नाही, आणि साध्या नावावर त्याचं सगळं काम होत होतं. मास्तर थोडे नाराजच झाले. बिघाड नाही हे ऐकायला माणसाला आवडत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला केबलवाल्याने राउटर मागे घेऊन नवा दिला, आणि तो पुन्हा ऑटोवरच आला होता. त्याच दिवशी ११ करून घेतला. फॅक्टरीत आम्ही लाईनवर काम करताना मेन स्वीचला पाटी अडकवायचो, कोणी स्वीच देऊ नये म्हणून. तशी एक पट्टी मार्करने लिहून राउटरच्या डोक्यावर चिकटवली: ‘चॅनल ११. ऑटो करू नये.’ केबलवाल्या पोराने ती वाचली, मोबाईलवर फोटो काढला आणि विचारलं, “नाना, अजून एका घरी असंच होऊन राह्यलं, तिथं पण अकराच टाकू का?”

म्हटलं, आधी विचार, लॅपटॉप कुठून आला.